तांब्याचा हंडा आणि समुद्रफूल

मैनाच्या घरात सवत आली ती नवरा रिटायर झाल्यावर, आणि आली ती टेंपोतून, थर्माकोलमध्ये गुंडाळून.

बुधाजीचा जन्म भिवपुरीच्या वीजघरात गेला. डोंगरावरून मोठाल्या नळांतून पाणी उतरायचं, यंत्रं फिरायची, आणि त्या घरघराटात हा माणूस इतकी वर्षं उभा राहिला की घरी बसल्यावर त्याला शांतता बोचायला लागली. भाताचं रान होतं, पण ते काही बाराही महिने माणसाला गुंतवून ठेवत नाही. पारावरच्या गप्पा त्याला सोसत नव्हत्या. मग एकदा कर्जतला बायकोच्या गुडघ्याचं औषध आणायला गेला आणि निलेशच्या माशांच्या दुकानात शिरला. औषध तिथंच विसरला, आणि घरी आला तो खाऱ्या पाण्याची टाकी ठरवूनच.

"उल्हास नदीतले मासे कमी पडले का तुमाला?" मैनानं विचारलं.

"ते खायाचे. हे बघायचे."

"बघून पोट भरतं?"

"तुला बघून भरलं नाय का इतकी वर्सं?"

मैना तरातरा आत गेली. त्या दिवशी आमटीत मीठ मात्र जरा जास्त पडलं.

टाकी पुढच्या खोलीत, सैपाकघराच्या दारालगत बसली. आत वाळू, खडबडीत दगड, वर निळा दिवा, आणि लाटा काढणारा एक पंखा. घरात इन्व्हर्टर आला तोही टाकीसाठी, मैनाचा मिक्सर त्याच्यावर चालत नव्हता. पाण्यात घालायचं मीठही वेगळं, मोठ्या बादलीतून यायचं. आणि दगडावर बसलेलं ते समुद्रफूल. नावाला फूल, खरं तर जनावर. एका पायानं दगड धरून बसायचं आणि वर द्राक्षाच्या घोसासारखी फुगीर बोटं हलवत राहायचं. त्या बोटांना डंख असतो, परका मासा जवळ गेला तर संपलाच. पण नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली एक जोडी होती, निलेश त्यांना क्लाउन म्हणायचा, ती त्या बोटांत अशी लोळायची जशी पोरं आजीच्या गोधडीत.

"यातली मोठी ती बाई," बुधाजीनं समजावलं होतं. "लहान तो बाप्या. ती पुढं, तो मागं. आणि उद्या ती मेली तर तोच बाई होतो."

"शाणी जात हाय," मैना म्हणाली. "फकस्त तिच्या मरणाची वाट बघायला नको व्हती."

तेवढं सोडलं तर टाकीवर तिचा राग होता तो होताच. बुधाजी सकाळी उठून आधी टाकीपुढं बसायचा, चहा तिथंच, पेपर तिथंच. मैना विहिरीवर, दुकानात, कुणाच्या बारशालाही सांगायची, "बघा एक दिस. त्या टाकीत मीच कायतरी ओतते आणि मोकळी होते." बायका हसायच्या. शेजारची गोदा तर रोज विचारायची, "ओतलंस का गं?"

श्रावणात बुधाजीच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू. लेक प्राची बदलापूरला राहते, दवाखाना तिच्या घराजवळ, म्हणून तो तिच्याकडेच राहणार होता. जाण्याआधी त्यानं बायकोला टाकीपुढं उभं केलं.

"पाणी उडतं, मीठ उडत नाय. म्हणून वरून रोज गोडं पाणी टाकायचं, या खुणेपर्यंत. ते गाळायच्या मशीनचं पाणी मी पांढऱ्या ड्रमात भरून ठेवलंय. आणि कोळंबीचा तुकडा फुलाला."

"श्रावणात? माझ्या हातानं?"

"फुलाला श्रावण नाय गं."

"आन मला हाय त्याचं काय?"

"चिमट्यानं दे. मग हात धू."

"माझ्या गुडघ्याची एवढी काळजी कदी केली नाय," असं म्हणत मैनानं चिमटा हातात घेतला.

पहिले काही दिवस ती कर्तव्य म्हणून करत होती. मग एका दुपारी ती नुसतीच तिथं बसली. तिनं कोळंबीचा तुकडा टाकला, तर लहान्यानं तो तोंडात धरला, स्वतः खाल्ला नाही, नेऊन फुलाच्या बोटांत खोचला. मोठी लगेच आली आणि त्याला ढोसून बाजूला केलं. मैना एवढ्या मोठ्यानं हसली की गोदा कुडावरून डोकावली. त्यानंतर मैनाचाही चहा टाकीपुढं व्हायला लागला. ती त्यांच्याशी बोलायची. मोठीला सांगायची, "दामटव त्याला, पण जेवू दे गं जरा."

आणि जीव लागला की बाईमाणूस काय करतं? चांगलंचुंगलं करायला बघतं.

श्रावणी सोमवारासाठी मैनानं घरातली सगळी तांब्यापितळेची भांडी काढली. चिंच आणि मीठ लावून घासली. तिच्या आईनं लग्नात दिलेला तांब्याचा हंडा तर असा लखलखला की त्यात तोंड दिसावं. तो हंडा हातात असताना तिची नजर कोपऱ्यातल्या पांढऱ्या ड्रमावर गेली. प्लास्टिक. तोंडाशी हिरवट रेघ. देवाला प्लास्टिकातलं पाणी चालत नाही. तिला स्वतःलाच कितीतरी जणांनी सांगितलं होतं, रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी ठेव, सकाळी पी, पोट साफ राहतं. मग या मुक्या जिवांनी काय पाप केलंय? तिनं ड्रम हंड्यात रिकामा केला, वर स्वच्छ फडकं बांधलं, आणि रोज त्यातूनच टाकीत पाणी घालू लागली. हंडा संपला की मशीनचं पाणी परत हंड्यात. मनातून खूश होती. नवऱ्यापेक्षा आपण बरं करतोय, असंही एकदा वाटून गेलं.

थोड्याच दिवसांत फुलानं कोळंबी धरायचं सोडलं. तुकडा बोटांवरून घरंगळून वाळूत पडायचा. मग बोटं आखडली. एरवी ताटाएवढं पसरणारं फूल वाटीएवढं झालं, रंग विटला, मधलं तोंड उघडं पडलं. आणि एका सकाळी ते जागेवरच नव्हतं. दगड उघडा. जोडी वरच्या कोपऱ्यात, दिव्याखाली, बिऱ्हाड मोडल्यासारखी एकमेकांना चिकटून.

मैनानं काचेला नाक लावून आत बघितलं.

गोदा आली, तिनं टाकीत बघितलं, मग मैनाकडं बघितलं. डोळे बारीक करून म्हणाली, "ओतलंस वाटतं शेवटी!"

"गप गं!"

"अगं, मी कुनाला सांगत नाय. गेली सवत, सुटलीस."

गोदा थट्टाच करत होती. पण मैनाला घोर लागला तो त्या थट्टेनंच. साऱ्या गावाला ठाऊक होतं ती काय म्हणत आली ते. बुधाजीलाही ठाऊक होतं. आता तो डोळ्याला पट्टी लावून येणार, टाकी रिकामी बघणार, आणि त्याच्या मनात काय येणार? तोंडानं तो काही बोलायचा नाही. तेच वाईट. बोलला तर भांडता येतं.

तेवढ्यात त्याचाच फोन.

"फूल कसं हाय?"

"बरं हाय की," मैना म्हणाली. "तुमचा डोळा?"

फोन ठेवला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. मग पदर खोचून तिनं निलेशला फोन लावला.

निलेशनं आधी दिवा विचारला, पंखा विचारला, खाणं विचारलं. सगळं ठीक. "काकी, पाणी कोणतं घालताय?"

"मशीनचंच. यांनी सांगितलंय तेच."

"ड्रमातलं ना?"

"ड्रम कसला घाणेरडा! मी तांब्याच्या हंड्यात काढून ठेवते. चिंचेनं घासून लख्ख केलाय."

 

"काकी," निलेश म्हणाला, "तो हंडा आधी लांब ठेवा. माणसाला एकवेळ तांबं चालतं. माशाला थोडंफार सोसतं. पण फुलाला ते विष. आणि मशीनच्या पाण्यातले क्षार काढलेले असतात, म्हणून ते भांड्याचं तांबं ओढून घेतं, त्यात घासलेलं भांडं म्हणजे आणखीच."

मैनानं लखलखत्या हंड्याकडं बघितलं. म्हणजे गावभर सांगत होती ते तिनं केलंच की! विष ओतलं. फडकं बांधून, गाळून, प्रेमानं ओतलं.

"मेलं का रं ते?" तिनं कसंबसं विचारलं.

"मागं कुठंतरी सरकलं असेल. हात घालून शोधा. पाय दगडाला घट्ट असेल तर जीव आहे. आणि हाताचा वास घ्या. मेलेल्या फुलाचा वास लपत नाही. मेलं असेल तर लगेच बाहेर काढा, नाहीतर मासेही जातील. मी निघतोच."

मैनानं बांगड्या मागं सारल्या, दंडापर्यंत हात धुतला आणि पाण्यात घातला. मोठी मासोळी धावून आली आणि तिच्या मनगटाला चावली. चावली म्हणजे काय, टोचल्यासारखं. "चाव बाई," मैना म्हणाली, "तुजा हक्कच हाय." दगडाच्या मागं, अंधारात, बोटांना काहीतरी मऊ लागलं. गोळा होऊन बसलेलं. तिनं हळूच कडेनं चाचपलं. सुटत नव्हतं. लहान पोर दाराची चौकट धरून बसतं ना, शाळेत जायचं नाही म्हणून, तसं धरून बसलं होतं.

हात बाहेर काढून तिनं नाकाशी नेला. कर्जतच्या बाजारात सुके बोंबील आणि जवळा निवडण्यात तिचं आयुष्य गेलं होतं, नासलेला माल तिला दुरून कळायचा. तिनं एकदा हुंगलं. खात्री होईना म्हणून परत हुंगलं. खारट वास. नुसता खारट, दर्याचा.

तिनं ओल्या हातानंच देवाला नमस्कार केला.

निलेश आला तो खाऱ्या पाण्याचे कॅन आणि विशेष कोळशाची पिशवी घेऊन. तो कोळसा पाण्यातलं नको ते शोषून घेतो म्हणे. थोडं पाणी काढलं, तेवढंच नवं घातलं, पिशवी पंख्यापुढं टांगली. पाणी पुढचे काही दिवस असंच थोडं थोडं बदलायचं होतं. "लवकर सांगितलंत म्हणून आशा आहे," तो चहा पिताना म्हणाला. "लोक लाजतात आणि मग उशीर होतो."

तो गेल्यावर मैनानं बदलापूरला फोन लावला. प्राचीनं उचलला, तर तिला म्हणाली, "तुझ्या बापाला दे." आणि बुधाजीनं हॅलो म्हणायच्या आत सगळं सांगून टाकलं. हंडा, चिंच, फडकं, सकाळचं खोटं, सगळं. शेवटी म्हणाली, "मी बोलत व्हते ओतीन ओतीन. पण देवाशपथ, मी मुद्दाम नाय केलं."

 बुधाजी म्हणाला, "मुद्दाम? तू मुद्दाम करायचं ठरवलंस, तर आईचा हंडा घासत बसशील व्हय? तू आख्खी टाकी अंगणात नेऊन आपटशील, आन वर मलाच काचा गोळा करायला लावशील."

मैनाला हसू आलं आणि डोळ्यातून पाणीही, दोन्ही एकदम. "असं वाटतं व्हय माज्याबद्दल?"

"एवढ्या वर्सांत तेवढं कळलंय. आन ऐक. मोठी चावली का तुला?"

"चावली."

"मग ती बरी हाय. मलापण चावते."

मैना सांगितल्याप्रमाणं पाणी बदलत राहिली, नव्या कोऱ्या प्लास्टिकच्या बादलीतून. गोदा उचलायला मदतीला यायची आणि गुपचूप यायची, चेष्टा न करता. फूल दगडामागं मूठ आवळून होतं. पण जोडी आता वरच्या कोपऱ्यात राहीना, सारखी दगडामागं बुडी मारून यायची. मैना तेवढ्यावर धीर धरून होती. पेशंटला भेटायला पाव्हणे जातात म्हणजे पेशंट आहे, असा तिचा हिशेब.

बुधाजी काळा चष्मा लावून रिक्षातून उतरला तेव्हा तिनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. हाताला धरून थेट टाकीपाशी नेलं. तो नेहमीच्या खुर्चीत बसला, मान पुढं काढली.

"कुठं हाय? मला तर मोकळा दगड दिसतो."

"तिथं नाय. इकडं या, सैपाकघराच्या दारात."

तो उठून आला. दगडाला वळसा घालून फूल सकाळीच पलीकडच्या बाजूला आलं होतं, अगदी चुलीच्या समोर. ताटाएवढं नव्हतं अजून, बशीएवढं होतं, पण बोटं फुगलेली आणि रंग परत चढलेला. मोठी मध्ये लोळत होती, लहाना बाजूला अंग थरथरवत तिची मर्जी राखत होता. मैनानं चिमट्यानं तुकडा सोडला. फुलानं बोटं मिटून तो धरला.

बुधाजी चष्मा वर करून बघत राहिला. मग कुरकुरला, "माझ्या खुर्चीवरनं दिसत नाय गं हे. पयल्या जागेवर घेऊया का त्याला?"

"हात तर लावून बघा!" मैना म्हणाली. "जीव वाचलाय त्याचा, बसू दे बसलंय तिथं. खुर्ची उचला तुमी, आन इकडं घेऊन या. येताना लसूनपण आना, सोलायला बसा."