केनाहचा पेला

माक जुमीनाह,

तुझ्याविषयी चार ओळी लिहून द्या म्हणून तुझी सून माझ्या ओसरीवर ठाण मांडून बसली आहे. मी म्हटलं, अगं, कॉफी करणारी बाई होती, त्यात लिहायचं काय? तर डोळ्यांना पदर लावला. रडणाऱ्या माणसांचा मला कंटाळा येतो, म्हणून कागद घेतला. एक मात्र आधीच सांगते. तोंडावर केलेलं कौतुक तुला कधी खपलं नाही. तुझ्या कॉफीला मी एकदा चांगली म्हटलं, तर 'पाणी तुझ्याच विहिरीचं आहे' म्हणून तू तोंड फिरवलंस. तेव्हा इथून पुढे मी तुला 'ती' म्हणणार. तू चुलीकडे तोंड करून बस आणि ऐकू न आल्यासारखं कर. ते तुला झकास जमायचं.

तर जुमीनाह. सगळ्या आळीची माक, म्हणजे मावशी. जावातल्या इजेन डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्यालगतच्या आळीत तिचं घर, आणि घराच्या मागे मातीच्या जमिनीचं स्वयंपाकघर. दिवसातला बराचसा वेळ ती तिथेच असे. चुलीवर सासूच्या सासूपासून चालत आलेलं खापर होतं, आतून डांबरासारखं काळं. त्यात ती कॉफीचे दाणे भाजायची, उखळात कुटायची, चाळायची. मग काचेच्या पेल्यात भुकटी, वर उकळतं पाणी, आणि झाकण. गाळणं वगैरे काही नाही. गाळ आपोआप तळाशी बसतो. ज्याला धीर नाही त्याच्या दातांत जातो.

एवढं सगळं तर आळीतली प्रत्येक बाई करते. पण जुमीनाह भाजायला बसली की बायका काहीतरी निमित्त काढून यायच्या. ती चुलीकडे न बघता गप्पा मारत असे. मध्येच तिचा हात थांबे, मान जराशी कलती होई, आणि पुढच्या श्वासाला खापर खाली उतरलेलं असे. दाणे सगळे एका रंगाचे. कसं कळलं म्हणून विचारलं तर म्हणायची, "पुरे म्हणाले ते." यापलीकडे तिच्याकडून काही निघत नसे. आम्ही विचारणं सोडून दिलं आणि नुसतं बघत बसायला शिकलो.

दुसरं म्हणजे तिची आठवण. आमच्याकडे पाहुण्याला 'साखर किती' असं विचारत नाहीत. विचारलं तर पाहुण्याचा चेहरा उतरतो. एवढे परके झालो का आपण, असं त्याला वाटतं. ज्या घरी जावं त्या घराला आपली कॉफी ठाऊक असावी लागते. जुमीनाहला सगळ्या आळीची ठाऊक होती. कोण कडू पितो, कोण माडाच्या गुळाचा खडा दाढेखाली धरून घोट घेतो, कुणाला आल्याचा तुकडा लागतो, कोण बायकोसमोर बिनसाखरेची पितो आणि बाहेर गोड. माणूस पायरी चढेपर्यंत त्याचा पेला तयार असे.

आणि फक्त जिवंत माणसांचीच नव्हे. दर गुरुवारी दिवेलागणीला आम्ही घरातल्या गेलेल्या माणसांसाठी पुढच्या खोलीत पेला ठेवतो, ज्याला जशी आवडायची तशी. पण वर्षं जातात, पोरं विसरतात. मग पोरं जुमीनाहकडे येतात. दोन भाऊ एकदा भांडतच आले. बापाला शेवटी शेवटी साखरेचा आजार होता. धाकटा म्हणे, डॉक्टरांनी बंद केली होती, तर बिनसाखरेचीच ठेवायची. थोरला म्हणे, जन्मभर गोड प्यायला त्याचं काय? जुमीनाहने दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डॉक्टर आहे का आता त्याच्याजवळ? मग घाल चमचा उभा राहील इतकी."

मशिदीत नवा आलेला तरुण इमाम या पेल्यांवर नाराज होता. तिच्या दारात उभा राहून तो समजावून सांगू लागला की गेलेली माणसं कॉफी पीत नसतात. "बरोबर आहे," ती म्हणाली. "मग तू पी, गार होतेय." तो प्यायला. त्याची आई गावाकडे अगदी अशीच करते म्हणाला. जुमीनाहने त्याला त्याआधी एकदाच पाहिलं होतं, तेही रस्त्याच्या पलीकडून.

अशी ती. म्हणून मुस्तारी तिच्याकडे आला, यात नवल काही नव्हतं. नवल पुढे घडलं.

मुस्तारी म्हणजे आमच्याच आळीतल्या केनाहचा मुलगा. ऐन विशीत मलेशियाला तेलताडाच्या मळ्यात कामाला गेला. कागदपत्रं धड नव्हती, त्यामुळे आई गेली तेव्हा येता आलं नाही. पुरलं त्या दिवशी फोनवर रडला, बस. चाळिशीला टेकून परत आला, बंद घर उघडलं, दारांना हिरवा रंग दिला, छपराची कौलं बदलली. पहिला गुरुवार आला तशी त्याने हौसेनं कॉफी केली, भरपूर साखर घालून, आणि आईच्या नावानं ठेवली. मग त्या पेल्यासमोर बसून राहिला. आणि बसल्या बसल्या त्याच्या लक्षात आलं की आपण आईला कॉफी पिताना कधी पाहिलेलंच नाही; पोरं उठायच्या आत तिचं पिऊन झालेलं असे.

तो उठला तो तडक जुमीनाहच्या चुलीपाशी. दोघी-तिघी शेजारणी बसल्या होत्या.

"माक, आईची कशी असायची?"

जुमीनाहचा हात थांबला. खापर चुलीवर होतं, दाणे तडतडत होते, आणि तिचं लक्षच नव्हतं. त्या दिवशी तिच्या हातून पहिल्यांदा दाणे करपले. शेजारणी अजून सांगतात.

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली.

केनाह तिच्याकडे वर्षानुवर्षं आली होती. जे पुढे येईल ते पिऊन जायची. गोड असो, कडू असो, 'छान झालीय' म्हणायची आणि पेला धुऊन पालथा घालायची. तिच्या घरी गेलं तर ती वाढण्यात गुंतलेली. तिची स्वतःची आवड कुठली, हे जुमीनाहच्या आजवर लक्षात आलं नव्हतं. आणि लक्षात आलं नव्हतं हेच तिला आत्ता कळत होतं.

मुस्तारीने बहिणीला, विवीकला, शेजारच्या गावी फोन केला. तीही लग्नाआधी आईच्या नंतरच उठणारी. ती वैतागली. परदेशात राहून डोकं फिरलंय तुझं, म्हणाली, कुठलीही ठेव, आई काय नावं ठेवायला येणार आहे? पण मुस्तारीला घास जाईना. तो जुमीनाहला म्हणाला, "तिच्यावर मूठभर माती टाकायला मी नव्हतो. एवढा एक पेला तरी बरोबर पडू दे."

पुढचे दोन दिवस जुमीनाह कुणाशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती मुस्तारीच्या घरी गेली आणि तिने एकच विचारलं, लहानपणी तू झोपायचास कुठे. त्याने दाखवलं: बांबूच्या तट्ट्याला लागून एक आखूड बाज, आणि तट्ट्यापलीकडे आईची चूल.

"डोळे मिटलेले होते," जुमीनाह म्हणाली, "पण नाक तर जागं होतं ना?"

दुसऱ्या दिवशी पहाटे, कोंबडा आरवायच्या सुमारास, ती आपलं खापर डोक्यावर घेऊन त्याच्या स्वयंपाकघरात शिरली. बोलावणं कुणालाच नव्हतं, पण निम्मी आळी हजर. विवीकही आदल्या संध्याकाळीच आली होती. जुमीनाहने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, केसांना वासाचं तेल लावून आली असेल तिने घरी जायचं. दोघी गेल्या. तट्ट्यापलीकडे मुस्तारी त्या आखूड बाजेवर पोटाशी गुडघे घेऊन आडवा झाला. एवढा दणकट मिशाळ बाप्या, तरी पावलं बाहेर. बायकांना हसू आवरेना.

जुमीनाहने आधी नुसते दाणे भाजले, कुटले, पाणी ओतलं. वास घरभर गेला.

"ही नाही," तट्ट्यापलीकडून आवाज आला. "ही ईदची."

मग मक्याचे दाणे घालून; कॉफी पुरवायला आमच्याकडे घरोघरी काहीतरी मिसळतात. "ही नाही. ही शेजारच्या घरातली, वारा फिरला की यायची."

मग खोबऱ्याचे काप घालून. बाज करकरली. मग, "ही बाबांची."

हसणाऱ्या आता तट्ट्याकडे सरकून बसल्या होत्या. बाबा जाऊन तीस वर्षं झाली असतील. एकेका वासाबरोबर बाजेवरचा माणूस एकेका घरात शिरून बाहेर येत होता, आणि त्याला तिथे नेणारी बाई चुलीपुढे उकिडवी बसून नुसती जाळ पुढे-मागे करत होती. आलं घालून झालं, तांदूळ घालून झाले. ही नाही. ही नाही. केलेले पेले वाया कशाला घालवायचे म्हणून बायका ते पीत होत्या.

शेवटी जुमीनाहकडे घालायला काही उरलं नाही. ती उठली आणि केनाहच्या स्वयंपाकघरात हिंडू लागली. मडकी उचलून बघितली, फडताळाच्या फळीवरून बोट फिरवलं. खिडकीत केनाहचं एक जुनं सूप टांगलेलं होतं. त्याच्या विणीत काळं काहीतरी बसलं होतं. तिने ते नखाने खरवडलं, नाकाशी नेलं आणि तशीच उभी राहिली.

मग ती मागे वळली. बायकांचे रिकामे पेले गोळा केले, प्रत्येकाच्या तळातला गाळ बोटांनी काढला, मुठीत घट्ट पिळला, आणि खापरात पसरला. मंद जाळावर तो सुकला, वर मूठभर तांदूळ टाकले, तेही काळे होईपर्यंत परतले. वास आला तो जळका, आंबूस, भिजलेल्या राखेसारखा. एकीने नाकाला पदर लावला. जुमीनाहने ते पेल्यात घातलं आणि पाणी ओतलं.

या वेळी तट्ट्यापलीकडून 'ही नाही' असं आलं नाही. मग मिटल्या डोळ्यांनी बोलतो तसा, झोपेतला आवाज आला.

"आई उठली."

मी आयुष्यात पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली, भाषणं ऐकली, विमानातून ढगही पाहिले. त्या पहाटे त्या धुरकट खोपटात जसा अंगावर काटा आला तसा पुन्हा कधी आला नाही. क्षणभर आम्हा सगळ्यांनाच वाटलं की चुलीशी बसलेली बाई जुमीनाह नाही.

आधी बोलली ती विवीक. तिला अर्थ कळला होता. "म्हणजे आमच्या उष्ट्या पेल्यांतला गाळ," ती म्हणाली. "ईदला आम्हाला दाणे, बाबांना खोबरं, आणि तिला हे. जिवंतपणी चोथा प्यायली, आता मेल्यावरही तोच पाजायचा? माझ्या हातून नाही होणार."

मुस्तारी दारात येऊन उभा राहिला होता. त्याने बहिणीकडे बघितलं नाही, जुमीनाहकडे बघितलं.

जुमीनाह म्हणाली, "आवडायचा की परवडायचा, ते मला ठाऊक नाही. तुम्हालाही नाही. पण घर इतकी वर्षं बंद होतं. याने दारं हिरवी केली, कौलं बदलली. तिला ओळखू तरी येऊ दे. आधी घर सापडू दे तिला, मग काय पाजायचं ते पाजा."

त्या गुरुवारी गाळाचा पेला विवीकनेच ठेवला. आणि तो आठवडाभर, म्हणतात, आळीतली पुष्कळ मोठी माणसं पहाटे उठून, आपली आई काय पिते ते बघायला, स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळत होती.

सगळी आळी थक्क झाली. एकटी जुमीनाह खूश नव्हती. ती माझ्या ओसरीवर आली, पाय पसरून बसली. मला चिडवायचं असलं की ती 'बू गुरू' म्हणायची, म्हणजे मास्तरीणबाई.

"बू गुरू, जमलं नाही ते पुरतं," ती म्हणाली.

मी म्हटलं, त्याने तर लगेच ओळखलं की.

"पोरगं भुकेलं होतं, त्याने ओळखलं. केनाह फसायची नाही." मग तिने सांगितलं की त्या पहाटे तिने बांबू आणि झावळ्या जाळल्या होत्या. केनाह ओढ्यापलीकडच्या मळ्यातून छाटलेली कॉफीची खोडं आणायची. तो धूर निराळा, जरा गोडसर. गाळ त्या धुरात सुकवायला हवा. मुस्तारीला हे अजून सांगू नको, म्हणाली, आधी लाकूड हातात येऊ दे. छाटणी सुरू झाली की तुझ्या स्कूटरवरून जाऊ आणि मोळी बांधून आणू.

त्या साली छाटणीच्या दिवसांत ओढ्यावरचा साकव वाहून गेला. पुढच्या साली तुझा गुडघा सुजला, आणि स्कूटरवर मागे बसणं तुला जमेना. बरा झाला की जाऊ, म्हणालीस. त्यानंतरच्या छाटणीला तू नव्हतीस.

माक, परवापासून मळ्यात पुन्हा छाटणी चालू झाली आहे. कोयत्यांचे आवाज इथवर येतात. साकव नवा बांधलाय, स्कूटर दारात आहे. मोळी अजून आणलेली नाही.