हातभर जाऊन थांबणारं मशीन

मशीन बंद पडलं की माणसाला पहिला संशय येतो तो दुसऱ्यावर. मलाही आला, आणि मी तो सकाळी साडेनऊपासून मोठ्या निष्ठेनं जोपासला.

दौंडात माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. आदल्या दिवशी कारेगावहून मेकॅनिक येऊन सर्व्हिसिंग करून गेला होता. त्यानं नळ्या धुतल्या, शाई फवारणारे हेड साफ केले, झकास टेस्ट प्रिंट माझ्या हातात ठेवला. आणि आज पहिलंच काम लावलं तर हेडची गाडी नवरदेवाच्या ऐटीत निघाली, हातभर गेली आणि थांबली. स्क्रीनवर एरर. फ्लेक्सवर शाईचा ठिपकासुद्धा नाही.

काम होतं आप्पांचं, म्हणजे रेल्वेत गाड्यांचे रूळ बदलणाऱ्या एका पॉइंट्समनचं. त्यांचा निरोप समारंभ दुपारी चारला, रेल्वे कॉलनीतल्या हॉलमध्ये. त्यांची बायको मागच्या वर्षी वारली. दोघांचा एकत्र असा धड फोटोच नव्हता, म्हणून मी दोन जुने फोटो जोडून त्यांना शेजारी शेजारी बसवलं होतं. आप्पा स्वतः फ्लेक्स न्यायला आले आणि स्टुलावर बसले.

"आयुष्यभर माझा डबा तिनं भरला," ते म्हणाले. "आज हारतुरे मी एकट्यानं घ्यायचे म्हंजी बरं दिसंना. निदान मागं भितीवर तरी पायजे."

यानंतर मशीन चालू न होणं हा गुन्हाच होता. मी ते बंद केलं, चालू केलं. हेडच्या केबली काढून पुन्हा बसवल्या. शाई पाहिली, फ्लेक्सचा रोल उतरवून चढवला. कॉम्प्युटरला दम दिला. गाडी दर वेळी निघायची, हातभर जायची, थांबायची. मेकॅनिकला पाच फोन केले.

"शेठ, मैंने टेस्ट प्रिंट निकालके दिया था ना?" तो प्रत्येक वेळी एवढंच म्हणे.

"दिया था, लेकिन पीछे क्या बिगाड के गया वो बोल," मी म्हणे. फोन ठेवल्यावर आणखी बरंच म्हणे, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

साडेबारा वाजले. आप्पांनी स्टूल मशीनजवळ ओढलं.

"गाडी कितव्यांदा थांबली?" त्यांनी विचारलं.

"मोजायचं सोडलं, आप्पा."

"आन् थांबती कुठं?"

"कुठं म्हणजे? तिथंच."

"दर खेपंला तिथंच थांबत आसंल, तर गाडीत कशाला बघताय? लायनीवर बघा की."

मी जरा रागातच वरचं झाकण उघडलं. गाडी धावते त्या रुळाला लागून एक पारदर्शक पट्टी असते. तिच्यावरच्या बारीक रेघा मोजत गाडी आपण कुठं आहोत ते ओळखते. त्या पट्टीवर, बरोबर हातभर अंतरावर, एक ठसठशीत लाल ठिपका होता.

कुंकू.

सकाळी दुकान उघडल्यावर मी मशीनची पूजा केली होती. रोज टिळा बाहेर पत्र्यावर लावतो. पण सर्व्हिसिंग होऊन मशीन आतून इतकं लख्ख दिसत होतं, की म्हटलं आज थेट काळजालाच लावू. ओलं कुंकू, पूर्ण बोट टेकवून.

आप्पांनी वाकून पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"तांबडा सिग्नल तुमीच दिला की," ते म्हणाले. "गाडी थांबली तर तिचं काय चुकलं?"

मी मऊ फडक्यानं पट्टी हळूहळू पुसली. गाडी निघाली, हातभर गेली, पुढं गेली, पार टोकाला जाऊन परत आली. आधी आप्पांची टोपी उमटली, मग शेजारी त्यांच्या बायकोचा पदर. आप्पा स्टुलावरून उठले आणि पूर्ण छापून होईपर्यंत उभेच राहिले.

मेकॅनिकला मी कळवलं की वायर ढिली होती. एवढी अब्रू तरी मला ठेवायची होती.

तीही चारनंतर गेली. फ्लेक्स टांगायला मी हॉलमध्ये गेलो आणि चहासाठी थांबलो, ती चूक झाली. भाषणाला उभे राहिलेले आप्पा नोकरीबद्दल दोनच वाक्यं बोलले. बाकी सगळं कुंकवाबद्दल. आणि शेवटी फ्लेक्सच्या कोपऱ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "दुकानाचं नाव खाली छापलंय, वाचून घ्या."

सगळा हॉल हसला. फ्लेक्सवरच्या वहिनी तर आधीपासूनच हसत होत्या.