नऊ डावांचा भोपळा

आमचं घर बौद्ध. नागपुरात आईने कधी दृष्ट काढली नाही, की मांजर आडवं गेलं म्हणून पाऊल थांबवलं नाही. शेजारीण दारावर काळी बाहुली टांगायला लागली, की आई तिला भर अंगणात सुनवायची. पण क्रिकेटचा सामना रंगात आला की हीच बाई फर्मान काढायची : जो जिथे आहे, त्याने तिथून हलायचं नाही. अर्धी दाढी झालेल्या बाबांनी एक अख्खा डाव बाथरूमच्या दारात उभ्याने काढलाय. ही अंधश्रद्धा नाही का, असं विचारलं तर म्हणायची, "ते वेगळं."

ती इंग्लंडला, मिल्टन कीन्समध्ये माझ्याकडे राहायला आली होती, तेव्हाची गोष्ट. रविवारी संध्याकाळी ऑफिसमधला अमेरिकन सहकारी घरी आला. त्याचा धाकटा भाऊ तिकडे एका धंदेवाईक बेसबॉल संघात पिचर होता, म्हणजे चेंडू टाकायचं काम त्याचं. आधीच्या सामन्यांत त्याला बेदम चोप बसला होता आणि मॅनेजरने बजावलं होतं, आजही तेच झालं तर सामान बांध. सहकाऱ्याच्या भाड्याच्या खोलीत ब्रॉडबँड नव्हतं, आमच्याकडे होतं. म्हणून तो लॅपटॉपवर कॉमेंट्री ऐकायला आला होता.

आईला इंग्रजी येत नाही. ती समोर बसून त्याचा चेहरा वाचत होती. बेसबॉलच्या नऊ छोट्या डावांपैकी बरेच उलटल्यावर तिने मला विचारलं, "किती झाले?"

मी झारा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले होते. म्हटलं, "आपली एक धाव, समोरच्यांचा अजून भोपळाच."

झालं! "आता कोणी हालायचं नाही."

"आई, वांगी लागतील."

"लागू दे."

पाहुण्याला सगळं समजावून सांगितलं. वाटलं, हसेल. त्याने उचललेला पाय गुपचूप होता तिथे ठेवला आणि म्हणाला, "शी इज राइट." नवव्या डावापर्यंत वांग्यांचा वास घरभर झाला, माझे पाय भरून आले, आणि हे दोघं देवळातल्या मूर्तींसारखे बसलेले.

शेवटच्या डावात समोरच्यांचे दोघं बाद झाले, तिसरा गेला की सामना संपणार; पण दोघं बेसवर, म्हणजे धावेच्या अर्ध्या वाटेवर, पोचले होते. एक फटका बसला की भोपळाही फुटणार आणि पोराची नोकरीही जाणार. अन् नेमकी तेव्हाच कॉमेंट्री बंद पडली.

राउटर माझ्या मागेच स्वयंपाकघरात होता. "एक मिनिट, बंद करून चालू करते," म्हणत मी वळले.

"डोंट!" तो ओरडला.

"काहून हालून राहिली तू?" आई त्याच्याही वर ओरडली.

माझं डोकं सणकलं. दोन शहाणीसुरती माणसं, आणि मी झारा धरून पुतळ्यासारखी उभी! पण त्या न पाहिलेल्या पोराची नोकरी मलाही वाचवायची होती. मी परत होते तशी वळून उभी राहिले.

बऱ्याच वेळाने त्याचा मोबाइल वाजला. मैदानावरून त्याचे वडील होते. त्यांचं ओरडणं मला दारातही ऐकू आलं. त्याने आईकडे पाहिलं, बोटांनी पूज्य करून दाखवलं आणि घळाघळा रडायला लागला. आईने उठून त्याला जवळ घेतलं. मलाही रडू आवरेना.

मग भाऊ स्वतः फोनवर आला. त्याला संघात ठेवलं होतं. आई मला म्हणाली, "त्याले सांग, इथं आम्ही कोणी जागचं हाललो नाही."

मला लाज वाटत होती, पण फोन हातात घेऊन भावाला सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "टेल हर, माझी मॉमपण इथे स्टँडमध्ये जागची हलली नाही. आत्ता कुठे धावत टॉयलेटला गेलीये."

मी ते आईला सांगितलं.

"मग?" आई म्हणाली. "उगाच जिंकला का तो?"