सोडलेल्या प्रश्नांचे मार्क

लातूरच्या एका कोचिंग क्लासचा सर्व्हर मी सात वर्षं सांभाळला. जिन्याखालच्या खोलीत एक कम्प्युटर, एक एसी आणि मी. तिघांत वेळच्या वेळी सर्व्हिसिंग व्हायची ती एसीची.

दर रविवारी मेडिकलच्या मुलांची टेस्ट व्हायची. ती कम्प्युटर तपासायचा आणि सोमवारी सकाळी बॅचच्या याद्या भिंतीवर लागायच्या. पहिल्या बॅचला नावाजलेले सर शिकवायचे; शेवटच्या बॅचला, गेल्या वर्षी ज्यांचा स्वतःचाच नंबर हुकला होता ते. याद्या वाचायला आईबाप अहमदपूर, निलंगा, भोकरहून एसटीने यायचे.

टेस्टचं सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये चालायचं. म्हणजे कंपनी सगळा संसार बांधून एका बंद डब्यात पाठवते. अपडेट आलं की जुना डबा काढायचा, नवा लावायचा. आपली सेटिंगची फाईल मात्र डब्याबाहेर असते, ती आपली आपण बघायची. नव्या डब्यासोबत नमुन्याची नवी फाईल येते. दोन्ही शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहायची, नवं आलेलं आपल्या फाईलीत भरायचं, असा नियम. आमची रीत वेगळी होती. माझ्या आधीच्या माणसाने जाताना सांगितलं होतं, "अपडेट झालं की जुनीच फाईल जागेवर ठेवायची. चालू झालं की झालं. नवीन उघडूबी नका, लई डोकं खाती."

मला ते लगेच पटलं, कारण आमचं घरच तसलं. भूकंपानंतर किल्लारीकडच्या आमच्या गावाला नव्या जागी नवी घरं मिळाली, तेव्हा वडिलांनी पडलेल्या घराची सागवानी चौकट बैलगाडीतून आणली आणि सिमेंटच्या भिंतीत बसवायला घेतली. बसेना. तर चौकट नाही तासली, भिंत फोडली. ते दार पुढे कधी नीट लागलं नाही, पण चौकट किती जुनी हे प्रत्येक पाहुण्याला ऐकावं लागलं.

एका वर्षी जुलै संपता संपता अपडेट केलं. जुनी फाईल ठेवली, चालू झालं. स्क्रीनवर एक पिवळी ओळ आली: एक सेटिंग सापडली नाही, कंपनीने ठरवलेली घेतली आहे. ओळ लाल असती तर बघितलं असतं. पिवळी होती, म्हणून मी चहाला गेले.

भोकरची एक मुलगी होती. वडील तिथल्याच शाळेत क्लार्क. पहिल्या बॅचमध्ये राहिलीस तरच लातूर, नाहीतर घर, असं त्यांनी तिला बजावलेलं. अपडेटनंतरच्या पहिल्याच सोमवारी ती पहिल्यावरून चौथ्या बॅचमध्ये गेली आणि सरळ माझ्या खोलीत आली.

"मॅडम, मी सतरा प्रश्न सोडले होते. सोडल्याचेबी मार्क कापून राहिलेत का?"

आमच्याकडे पहिल्या दिवसापासून शिकवतात: येत नसेल तर सोडा, अंदाजपंचे ठोकू नका. चुकलं तर मायनस, सोडलं तर शून्य. ही मुलगी ते इमानदारीने पाळत होती.

मी मानही वर केली नाही. "कम्प्युटरची तुझ्याशी काय दुश्मनी आहे? अभ्यास कर."

पुढच्या सोमवारी ती पाचव्या बॅचमध्ये गेली. वडील आले, यादीवरून दोनदा बोट फिरवलं, कुणाला काही विचारलं नाही. दुपारी गादीची वळकटी मांडीवर घेऊन ती ऑटोत बसताना मला दिसली.

तिसऱ्या आठवड्यात खुद्द मालक सरांच्या भाच्याचा नंबर घसरला, तेव्हा कुठे मला फाईल तपासायचा हुकूम झाला. दहा मिनिटांचं काम निघालं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये मायनस मार्कांच्या दोन सेटिंग केल्या होत्या, एक चुकलेल्या उत्तराची, एक सोडलेल्या प्रश्नाची. दुसरी भरली नाही तर पहिलीच दोन्हीकडे लागू. नमुन्याच्या फाईलीत हे स्वच्छ लिहिलेलं होतं. मी ती ओळ टाकली आणि मागच्या टेस्ट पुन्हा तपासल्या. भोकरची मुलगी दोन्ही वेळा पहिल्या बॅचमध्ये बसत होती.

सर म्हणाले, "भाच्याचं दुरुस्त करा. बाकीच्यांचं पुढच्या टेस्टपासून. याद्या फिरवल्या तर उद्या सगळे आईबाप दारात बसतील." मला सरांचा संताप आला, माझा त्याहून जास्त आला. तरी "हाव सर" म्हणाले आणि नोकरीत राहिले.

आठवडाभर धीर गोळा करून मी तिच्या वडिलांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"इथल्या कॉलेजात आर्टला टाकलंय तिला," ते म्हणाले. "चार दिवस धड जेवली न्हाई. मग सोताच म्हणली, बाबा, माझ्यात तेवढी अक्कलच नव्हती. तवापासून नीट जेवून राहिली, नीट झोपून राहिली." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिला सांगू नका मॅडम. ती इचारंल, बाबा, तुम्ही आठ दिस का थांबला न्हाई. काय सांगू मी?"

"नाही सांगत," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि मला हायसं वाटलं. एक हुशार मुलगी माझ्यामुळे स्वतःला मठ्ठ समजून जगणार हे कळत होतं, आणि तरी तिच्याशी बोलावं लागणार नाही, याचं मला हायसं वाटलं.