थोरलीचा चेहरा

कपबश्यांच्या कारखान्यात धाकटीने सगळं आयुष्य एक गुलाब काढण्यात घालवलं. काढले असंख्य, पण गुलाब तोच. चपट्या ब्रशाच्या एका कडेला गडद तांबडा घ्यायचा, दुसऱ्या कडेला पांढरा, आणि बशीवर टेकवून मनगट असं फिरवायचं की एका फिरकीत पाकळी उमलावी, पोटात गडद आणि कडेला उजळ. चार-पाच फिरक्या झाल्या की फूल. बशी पुढे सरकायची, दुसरी यायची. मुकादम म्हणायचा, "हिला झोपेत बशी द्या, गुलाब काढून परत देईल." त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, याचा तिने कधी विचार केला नाही. पुढे गुलाबाचे छापील कागद आले. ओला कागद बशीवर चिकटवायचा आणि बशी भट्टीत सरकवायची. हातांची गरज संपली. धाकटी घरी आली, येताना आपला ब्रश तेवढा घेऊन आली.

घरी थोरली होती. आई गेली तेव्हा धाकटी अगदी लहान. थोरलीनेच तिला वाढवलं, कारखान्यात चिकटवलं, आणि स्वतःचा नवरा गेल्यावर म्हणाली, "तुझं जमलं नाही, माझं टिकलं नाही. राहू आता दोघी." तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत थोरलीचं शिवणयंत्र आणि थोरलीची जीभ, दोन्ही दिवसभर चालायची. यंत्राला निदान तेल लागायचं.

मग थोरलीच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी धाकटीला बाहेर बोलावून हळू आवाजात सांगितलं की आता फार दिवस हाती नाहीत. आतून थोरली ओरडली, "जे काय असेल ते इथे येऊन सांगा. पोट माझं आहे!"

घरी येताना धाकटी जिन्यात थबकली ती मरणाच्या भीतीने नव्हे. तिला आईचा चेहरा आठवत नव्हता. आठवायला जावं तर भिंतीवरचा फोटो पुढे यायचा, मान ताठ, डोळे मोठे केलेले, फोटोवाल्याला घाबरलेली कुणीतरी बाई. खरी आई त्या फोटोमागे कधीच पुसून गेली होती. आता थोरलीचंही तसंच होणार. तिचा एकुलता एक फोटो होता तो शाळेतला, दोन वेण्यांचा. त्यानंतर कुणी फोटो काढायला आलं की ती तोंडापुढे हात धरायची.

दुसऱ्या दिवशी धाकटीने कापडाच्या दुकानातून शर्टांच्या खोक्यांतले पुठ्ठे मागून आणले, चार-सहा रंगांच्या बाटल्या घेतल्या आणि ठरवलं, रोज सकाळी चहा झाला की ताईला खिडकीशी बसवायचं आणि तिचा चेहरा काढायचा. जसा आहे तसा. एक तरी खरा उतरेल.

"मला कशाला रंगवतेस? मी काय बशी आहे?" थोरली म्हणाली.

"गप्प बस गं. ओठ हलतात."

"ओठ हलणं थांबलं की काढ मग. फार वाट बघावी लागायची नाही."

पहिला पुठ्ठा तिने मागून घेतला, लांब धरला, जवळ धरला. "हे माझं तोंड? कोबीचा गड्डा वाटतोय."

खरंच तसं झालं होतं. गाल दोन फुगीर पाकळ्या. पापण्या पाकळ्या. ओठांची कळी. खाली हनुवटीला हाताने आपसूकच एक पान काढल्यासारखी वळणदार सावली दिली होती. धाकटीने दुसऱ्या दिवशी मन घट्ट करून सुरुवात केली, पण ब्रश टेकला की मनगट फिरायचं. डोळे थोरलीच्या खोल गेलेल्या गालाकडे बघत असायचे आणि हात कारखान्यात असायचा. एकदा तिने मनगटाला घट्ट चिंधी बांधली. मग कोपर फिरायला लागलं.

पुठ्ठे साठत गेले. भिंतीला टेकवलेल्या त्या साऱ्या थोरल्या टवटवीत होत्या आणि खुर्चीतली दिवसेंदिवस वाळत चालली होती. शिवणकाम सुटलं. अंगावरची शाल मोठी झाल्यासारखी वाटू लागली. धाकटी रोज सकाळी जास्तच घाई करायची, आणि घाईत हात जास्तच गुलाब काढायचा.

"एवढी का चिडतेस?" थोरली एकदा म्हणाली. "छान दिसते की मी. शेजारीणसुद्धा विचारत होती, तुमच्या भाचीचं चित्र का म्हणून."

"मला भाची नको आहे. मला तू हवी आहेस," धाकटी म्हणाली, आणि पाणी बदलायला मोरीत गेली.

मग थोरलीला ताप भरला. पोटात अन्न ठरेना. धाकटी फडकी पिळत, भांडी धरत, तिला उठवत-बसवत राहिली. रंगांकडे कुणाचं लक्ष होतं! ताप उतरला त्या सकाळी थोरली स्वतःच भिंतीला धरत खुर्चीपर्यंत आली. "आज सुट्टी आहे का चित्रकारीणबाईंना?"

धाकटीने रंग उघडले तर ब्रश तांबड्या रंगात तसाच पडून लाकडासारखा झालेला. तिच्या हातून असं कधीच झालं नव्हतं. न धुतलेला ब्रश मुकादमाला दिसला असता तर त्याने सबंध पाळीच्या बायकांसमोर तिला उभं केलं असतं. तिने तो गरम पाण्यात बुडवला, बोटांनी चोळला, आणि केस पुंजक्याने हातात आले. क्षणभर तिला वाटलं, झालं, संपलं आपलं.

"माझ्या शिवणाच्या डब्यात खळीचा ब्रश आहे बघ," थोरली म्हणाली. कापड बेतायचे कागद चिकटवायला ती तो वापरायची. आखूड, राठ, झिजलेल्या केसांचा. धाकटीने तो रंगात बुडवून टेकवला. मनगट सवयीने फिरलं, पण ब्रश फिरेना. ओरखडा उठला. मग तिने नुसता ठिपका दिला. त्याच्याशेजारी दुसरा. राख, माती, जुन्या भिंतीचा पिवळा, असे रंग मिसळत ती ठिपक्याला ठिपका लावत गेली, आणि पहिल्यांदाच तिचा हात तिच्या डोळ्यांमागून चालू लागला. कानशिलाचा खड्डा आला. नाकाचं उघडं पडलेलं हाड आलं. ओठांच्या कोपऱ्यात मुरलेलं दुखणं आलं.

उजेड सरकला तेव्हा ती थांबली. पुठ्ठ्यावर थोरली होती.

"दे इकडे," थोरलीने हात पुढे केला.

तिने पुठ्ठा लांब धरला, जवळ धरला. मग म्हणाली, "आई आहे ही."

"म्हणजे?"

"शेवटच्या दिवसांत आई अशी झाली होती. तू लहान होतीस, तुला मी आत येऊ दिलं नव्हतं." तिने पुठ्ठा पालथा केला. "फाड हा."

थोरलीचा शब्द धाकटीने आजवर मोडला नव्हता. काय शिकायचं, कुठे कामाला जायचं, काय शिवून घालायचं, सगळं थोरलीच्या तोंडून आलेलं. तिने पुठ्ठा हातात घेतला, उराशी धरला आणि म्हणाली, "नाही फाडणार."

"मी सांगते आहे."

"माहीत आहे ताई. नाही फाडणार."

कपाटामागे, चित्राचं तोंड भिंतीकडे करून, धाकटीने तो पुठ्ठा ठेवला. पाठीमागे थोरली रडत होती की नुसती धापा टाकत होती, हे तिने वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिने तो फाडला असता.

त्या दिवशी दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलल्या. गोळी घेतलीस का. पाणी दे. दार लाव.

सकाळी चहा झाला. धाकटीने भीतभीतच पुठ्ठा घेतला आणि मागे वळली तर थोरली बसलेली होती, पण खुर्ची फिरवून. तोंड खिडकीकडे, पाठ खोलीकडे. एवढी जड खुर्ची तिने कशी फिरवली कोण जाणे.

"तोंड मिळणार नाही आता," ती खिडकीला म्हणाली. "हात रिकामे राहत नसतील तर पाठ काढ."

धाकटी खाली बसली. शालीतून खांद्यांची हाडं वर आली होती. मानेवरच्या दोन शिरा ताठ होत्या, आणि वर विरळ केसांतून कातडी दिसत होती, तान्ह्या पोराची दिसते तशी.

"कशी आहे गं पाठ?"

"चांगली आहे."

"खरं सांग."

धाकटीने राठ ब्रश राखाडी रंगात बुडवला. "बारीक झालीस फार," ती म्हणाली.

थोरलीने मान हलवली आणि शाल खांद्यावरून थोडी खाली सोडली, नीट दिसावं म्हणून.