अळणी

माझ्या डोक्याच्या आजारावर मला दोन औषधं मिळाली. त्यांची तुलना मी शिलाई मशीनवर बसून केली, कारण घोटावड्यात माझं शिंप्याचं दुकान होतं आणि दुसरं मोजमाप मला येत नव्हतं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. कधी मी चार-चार दिवस न झोपता निम्म्या गावाचे सदरे फुकट शिवायला घेई, कधी महिनाभर अंथरुणातून उठत नसे. पुण्याच्या डॉक्टरांनी आधी ज्या गोळ्या दिल्या, त्यांनी जीभ जड झाली, लाळ गळायची, मशीनवर ठेवलेला पाय हलायचाच नाही. आजार गेला, त्याच्याबरोबर शिंपीही गेला. मग लिथियम आलं. तहान फार लागायची, हात थरथरायचा, सुईत दोरा आई ओवून द्यायची. पण शिवण सरळ येत होती. आनंद नाही, दुःख नाही, सरळ शिवण. मला तेवढं पुरे होतं.

आईला नव्हतं. तिने मला न विचारता गावदेवीला नवस केला : पोरगं पुरतं बरं होऊ दे, वर्षभर अळणी खाईल. मीठ कमी करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते मी घरी सांगितलंच नव्हतं. मिठाचं काय सांगायचं? आणि चव तशीही कळत नव्हती, तेव्हा पुढ्यात आलं ते मुकाट जेवलो.

तिसऱ्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या. रस्त्यात झोकांड्या जायला लागल्या. गाव म्हणालं, लावून आलाय.

पुण्यात रक्त तपासलं. मीठ तुटल्यामुळे औषध अंगात साठलं होतं. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा असं झालं तर हे बंद. मग जुन्याच गोळ्या."

तेव्हा मात्र मी घाबरलो. त्या काही वर्षांत मला नक्की वाटलेलं असं तेवढंच आठवतं.

घरी येऊन मी आईला मिठाचं सांगितलं. तिने माझ्या ताटात मीठ वाढलं. म्हणाली, "तू खा. देवीला सांगितलंय, ते अळणी म्या खाते."

वर्ष संपलं तरी ती अळणीच जेवत होती.

"झालं की वरीस," मी म्हणायचो.

"तुझ्या गोळ्या कुटं संपल्यात?"

सात वर्षांनी ती गेली. मला रडू आलं नाही. भावकी माझ्या तोंडाकडे बघत होती. तेराव्याला पानात मीठ वाढलं, ते मी खाल्लं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. सुईत दोरा ओवायला दुपार झाली.