न सांगता बसवलेली चौकी

तारकाका आमच्या छापखान्यात संगणकांचं बघतात. वय छप्पन्न. पलीकडच्या टेबलावर मी प्रुफं तपासतो. मला साहित्याखेरीज काही कळत नाही, म्हणून त्यांनी सोपं करून सांगितलं. ऑफिसातून इंटरनेटवर जाणारं सगळं लिनक्स सर्व्हरवरच्या प्रॉक्सीकडे, म्हणजे मधल्या चौकीकडे, वळवायचं. कोण काय बघतं ते तिथं नोंदलं जातं. कुणाच्या संगणकाला हात लावायचा नाही, म्हणजे कुणाला पत्ता नाही.

मालकांचा हुकूम. काका तीन दिवस त्यातच होते.

असा वळवण्याचा नियम सर्व्हरवर लावण्याआधी ते नेहमी दहा मिनिटांची वेळ लावून ठेवत. बिघडलं तर तेवढ्या वेळानं सर्व्हर आपणच नियम काढून टाकी. त्या दिवशी डोळे चुरचुरत होते. वेळ लावायची राहिली.

सव्वाचारला नियम लागला आणि इंटरनेट गेलं.

"काका, माझा फॉर्म!" टायपिस्ट ताई ओरडल्या. लेकीच्या नर्सिंग प्रवेशाचा. मुदत पाचपर्यंत. मोबाईलवर तो उघडतच नव्हता.

"थांबा, बघतो," काका म्हणाले. बघता बघता अर्धा तास गेला. मग ते दमून हसले. "काय गाढव मी! प्रॉक्सी बाहेर जायला निघते, माझाच नियम तिला धरून परत प्रॉक्सीकडे पाठवतो. घाण्याचा बैल नुसता."

मालक मागे येऊन उभे होते. "मग करा दुरुस्त."

"करून तपासायला तास जाईल. आधी नियम काढतो."

मालक खाली वाकले. हळूच म्हणाले, "काढायचा नाही. ऑफिसात बसून घरचे फॉर्म भरतात, हेच तर मला पकडायचंय."

पाचला बारा मिनिटं होती. काकांनी एक ओळ टाइप केली. सगळे नियम पुसले गेले.

"हात चुकला, साहेब."

मालकांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. "आजच्या आज परत लावा," म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

ताईंचा फॉर्म गेला. चार मिनिटं राखून. "देवासारखे धावलात हो काका," त्या म्हणाल्या. काकांनी मान वर केली नाही.

साडेसहाला नियम परत लागला. या वेळी प्रॉक्सीला सूट दिलेली. सगळं नीट चाललं. काका गुडघ्यावर हात टेकून उठले आणि ताईंपाशी गेले.

"ताई, उद्यापासून इथं घरचं काही उघडू नका."

"का हो?"

"सगळं लिहिलं जातंय. मीच बसवलंय."

ताईंनी कीबोर्डवरचे हात काढून घेतले. केबिनचं दार उघडंच होतं, आणि मालक आतच होते.